बत्तीस घरांचा उजेड

ती घटना आठवली की आजही आधी मान खाली जाते, मग हसू येतं.

चांदवडजवळच्या एका पोलीस चौकीचा मी तेव्हा प्रमुख होतो. एका सकाळी जवळच्या वस्तीतल्या बत्तीस घरांचं इंटरनेट एकदम गेलं. केबल कापल्याची तक्रार आली, पाठोपाठ खबऱ्याची खबर. "साहेब, लाइनमन काल खांबावरचा डबा उघडून बसला व्हता. ठेकेदाराशी त्याचं वाजलंय." मी लाइनमनला उचलून आणला. ठेकेदाराने फोनवर सांगितलं, "संध्याकाळपर्यंत संशय फिटला नाही, तर उद्यापासून दुसरा माणूस."

मी टेबलावर काठी आपटली. "डब्यात काय केलंस?"

"फक्त साफ केला, साहेब. एक्स्चेंजकडून काचेचा एकच तंतू येतो. त्यातला उजेड डब्यात बत्तीस घरांना वाटला जातो. तिथं ना वीज, ना बॅटरी."

"वीज नाही, मग उजेड ढकलतं कोण?"

"ऊन कोण ढकलतं, साहेब?"

हवालदार खोकला. मला राग यायला हवा होता, पण मी खिडकीबाहेरच बघत राहिलो. कांद्याच्या वावरांखालून, केसाएवढ्या काचेतून कुणाची परीक्षा, कुणाच्या लेकीचा चेहरा, लासलगावचा भाव, सगळं उजेड होऊन निवांत वाहत असेल. चौकशी करायची सोडून मी त्यात तरंगत होतो.

तो म्हणाला, "घराकडची तार तुटली तर एकच घर जातं. बत्तीस एकदम गेली, आन् डबा तर शाबूत हाय. म्हंजे डब्याच्या अलीकडं, एक्स्चेंजच्या बाजूला तुटलंय. एक्स्चेंजला चला, दाखवतो."

तिथे त्याने तंतूला एक यंत्र लावलं. यंत्र उजेडाचा ठोका सोडतं. तो तुटल्या जागेवरून परत यायला किती वेळ लागला, त्यावरून अंतर कळतं. आकडा आला, अठराशे चाळीस मीटर. केबलच्या वाटेने तो मोजत पुढे, मी मागे. दुपारच्या झळांत वाटलं, आपण उजेडाच्याच पावलांवर चाललोय.

माप संपलं ते आमच्याच फाटकात, नव्या फलकासाठी खणलेल्या खड्ड्यापाशी. सकाळीच नारळ फोडला होता. पहिली कुदळ मारण्याचा मान साहेबांचा, म्हणजे माझा. मी ती फोटोसाठी जरा जोरातच मारली होती.

हवालदाराने गंभीरपणे विचारलं, "साहेब, पंचनाम्यात आरोपी कोण लिहू?"

"माझं नाव लिही." मग ठेकेदाराला फोन लावला. "केबल मी तोडली. तुमचा माणूस चोख आहे, त्याला हात लावू नका." लाइनमनला म्हणालो, "चुकलो, दादा."

"होतं साहेब," तो खड्ड्यात उतरत म्हणाला. "जरा सावली धरा."

मी छत्री धरून उभा राहिलो. त्या दिवसापासून कुणालाही समोर बसवलं की गुन्ह्याबद्दल विचारण्याआधी त्याचं काम विचारायचो. कामाबद्दल माणूस सहसा खोटं बोलत नाही.