चुकीच्या ओळीवर मेलेला कप्तान

पंच पोटासाठी कवळ्या करत. तळमजल्यावरच्या खोलीत, दोन खिडक्यांच्या उजेडात, लोकांचे दात मेणात कोरायचे, प्लास्टरच्या साच्यात बसवायचे आणि डबीत घालून दंतवैद्यांकडे धाडायचे, हा त्यांचा उद्योग. गावातली निम्मी म्हातारी माणसं आपल्या जिवावर हसतात, असं ते स्वतःच सांगत. पण कवळ्या करणाऱ्याला कोणी पंच म्हणत नाही. हे नाव त्यांना रविवारच्या दुपारींनी दिलं होतं.

दर रविवारी कामाचं टेबल पुसून तिथे 'धूळतारा' मांडला जाई. हा खेळ म्हणजे एक जाडजूड नियमांचं पुस्तक, मूठभर फासे, पेन्सिली आणि चार-पाच प्रौढ माणसं. त्या माणसांनी आपण अंतराळयानातले खलाशी आहोत असं मानायचं आणि पंचांनी त्यांच्यावर संकटं सोडायची. कोण वाचलं, कोण मेलं, हे फासे आणि पुस्तकातले तक्ते ठरवत. तक्ता वाचायचा अधिकार पंचांचा आणि पंचांचा निर्णय अंतिम. घरात त्यांचा कुठलाच निर्णय अंतिम नसल्यामुळे या नियमावर त्यांचा विशेष जीव होता.

खेळ काढणाऱ्या छापखान्याने केव्हाच गाशा गुंडाळला होता. जाताना मालकाने उरलेली पुस्तकं आणि 'धूळतारा' हे नाव, दोन्ही पंचांना रीतसर लिहून दिलं. कारण पुस्तकातल्या चुका दाखवणारी सर्वांत जास्त पत्रं पंचांनीच पाठवली होती, आणि हा माणूस एकदाचा गप्प बसावा अशी मालकाची इच्छा असावी. पंच गप्प बसले नाहीत. ते खेळातली छोटी यानं करून टपालाने विकू लागले. कवळीसाठी लागणाऱ्या प्लास्टिकचीच करत, म्हणून धूळताऱ्याचं सगळं आरमार हिरड्यांसारखं गुलाबी होतं.

असं सगळं सुरळीत चाललं असताना एका बड्या खेळणीवाल्या कंपनीला जुन्या खेळाची आठवण झाली. तिने 'धूळतारा' नव्याने काढायचं ठरवलं, नावावर हक्क सांगणारा अर्ज केला आणि पंचांना नोटीस धाडली. हे नाव बाजारात कोणी वर्षानुवर्षं वापरलेलं नाही, सबब ते बेवारस आहे, सबब तुम्ही ते वापरणं थांबवावं.

"वापरलेलं नाही काय, आणि वापरणं थांबवा काय!" पंच कडाडले. "दोन्ही एकाच कागदावर! लाज नाही वाटत?"

"वकिलाला विचारा, मला काय विचारता," बायको म्हणाली.

वकील घरातच होती. पंचांची धाकटी मेहुणी घटस्फोट आणि भाडेकरूंच्या भानगडी लढवायची. तिने नोटीस दोनदा वाचली आणि खुर्ची ओढून बसली.

"भाऊजी, सलग पाच वर्षं नाव धंद्यात वापरलं नसेल, तर ते गेलं. आपल्याला दाखवायचंय की तुम्ही सतत विकत होतात. पावत्या?"

"नाहीत."

"गिऱ्हाइकांची पत्रं?"

"वाचून झाली की टाकून देतो."

"मग ठेवता तरी काय तुम्ही?"

पंचांनी फळ्यांकडे बोट दाखवलं. तिथे बावीस वर्षांतल्या परक्या माणसांच्या जबड्यांचे साचे तारखांसकट ओळीने मांडले होते. मेहुणीने कपाळाला हात लावला.

"चष्मेवाल्याकडे असेल सगळं," बायको हळूच म्हणाली.

 हे नाव त्या घरात एकोणीस वर्षं निघालं नव्हतं.

चष्मेवाला हा पंचांचा शाळेपासूनचा मित्र. कोपऱ्यापलीकडच्या रस्त्यावर त्याचं चष्म्याचं दुकान. खेळात तो कप्तान होता, आणि सात वर्षं त्याने तो कप्तान जिवापाड जपला होता. एका रविवारी कप्तान दुरुस्तीसाठी यानाबाहेर पडला आणि त्याची हवेची नळी फाटली. पंचांनी फासे टाकले, तक्ता पाहिला आणि जाहीर केलं, "मेलास."

"ओळ बघ नीट," चष्मेवाला म्हणाला. "तू निर्वात पोकळीची ओळ वाचतोयस. या ग्रहावर विरळ हवा आहे. खालची ओळ वाच."

"पंचाचा निर्णय अंतिम."

"नंबर वाढलाय तुझा. दुकानात ये, फुकट तपासून देतो."

यावर बाकीचे तिघे खो खो हसले. ते पंचांना हसले की चष्मेवाल्याला, कोण जाणे, पण पंच इरेला पेटले. त्यांनी कप्तानाचा कागद सर्वांसमक्ष टराटरा फाडला. चष्मेवाला उठला आणि चालता झाला. संध्याकाळी आवराआवर करताना पंचांनी पुस्तक पुन्हा उघडलं. खालचीच ओळ होती. कप्तानाजवळ अजून पंधरा मिनिटांची हवा शिल्लक होती.

पुढच्या रविवारी सांगू, असं त्यांनी ठरवलं. पुढच्या रविवारी चष्मेवाला आला नाही, त्याचं पत्र आलं. दोन पानं भरून शिव्याशाप, आणि शेवटी ताजा कलम: 'सोबत पैसे जोडले आहेत. दोन मालवाहू यानं पाठवावीत.' पंचांनी शिव्या वाचल्या, पत्र केरात टाकलं, यानं खोक्यात भरली, वरून 'धूळतारा' छापलेलं कार्ड चिकटवलं आणि पाठवून दिली. एका अक्षराचंही उत्तर दिलं नाही. तीन महिन्यांनी पुन्हा दोन पानं, पुन्हा दोन यानं. हे एकोणीस वर्षं चाललं. दोन दुकानांत चालत गेलं तर चार मिनिटांचं अंतर होतं आणि दोघेही टपालखात्याला पोसत होते.

पंच दुकानात शिरले तेव्हा चष्मेवाल्याने मान वर केली नाही.

"बस," त्याने डोळे तपासायच्या खुर्चीकडे हात केला.

"मी त्यासाठी आलो नाही."

"बस म्हटलं ना."

पंच बसले. चष्मेवाल्याने त्यांच्या नाकावर ती अवजड लोखंडी चौकट चढवली, एका डोळ्यापुढे झाकण लावलं आणि भिंतीवरचा फलक उजळला.

"वरची ओळ वाच."

पंचांनी वाचली.

"आता खालची."

पंचांनी तीही वाचली.

"दिसते की," चष्मेवाला म्हणाला. "मग त्या दिवशी काय झालं होतं?"

पंचांनी चौकट काढून ठेवली.  काय काम आहे ते सांगितलं, नोटीस दाखवली. चष्मेवाल्याने मागचं कपाट उघडलं. आत सत्तरच्या वर खोकी रचलेली होती, एकही न फोडलेलं. प्रत्येकावर पंचांच्या अक्षरातला पत्ता, टपालाचा शिक्का, तारीख आणि मोठ्या अक्षरांत 'धूळतारा'.

"उघडलंसुद्धा नाहीस?" पंचांना खरोखरच वाईट वाटलं. त्या यानांवर त्यांनी जीव ओतला होता.

"मला यानं नको होती," चष्मेवाला म्हणाला. "सगळं घेऊन येतो सुनावणीला. एकच अट. तिथे शपथेवर सांगायचं."

"काय?"

"काय ते तुला ठाऊक आहे."

पंच घरी आले ते पाय आपटतच. चारचौघांत, सरकारी माणसापुढे, शपथेवर! त्यापेक्षा नाव गेलं तरी चालेल, असं त्यांनी जाहीर केलं.

"चालेल ना?" बायको म्हणाली. "मग उद्यापासून रविवारी दुपारी घर झाडत जा. अहो, कागदावरचा माणूस मेला म्हणून तुम्ही हाडामांसाचा मित्र घालवलात. आता खेळही घालवा म्हणजे झालं."

 चिडून पंचांनी एका कवळीला दोन दात जास्त बसवले आणि ती सबंध पुन्हा करावी लागली.

सुनावणी नोंदणी कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर होती. पंखा कुरकुरत होता. अधिकारी बाई सकाळपासून साबणाच्या दोन वड्यांची नावं सारखी आहेत की नाहीत हे ऐकून वैतागल्या होत्या. कंपनीकडून तीन वकील आले होते आणि तिघांकडे सारख्याच फायली होत्या. चष्मेवाला शेवटच्या बाकावर, पायाशी दोन पोती घेऊन बसला होता. पोत्यांची तोंडं बांधलेली होती आणि त्याचा हात गाठीवर होता.

मेहुणीने पंचांना शपथ घ्यायला लावली. नाव कसं मिळालं, काय विकलं, हे झालं. मग ती थांबली.

"एकोणीस वर्षांपूर्वी एका रविवारी खेळात काय घडलं, ते सांगा."

"याचा काय संबंध?" कंपनीचा थोरला वकील उठला.

"त्या दिवसापासून एक गिऱ्हाईक सुरू झालं, म्हणून संबंध," मेहुणी म्हणाली. बाईंनी मानेनेच परवानगी दिली.

पंचांनी पाण्याचा घोट घेतला. मागे वळून पाहिलं. चष्मेवाला म्हातारा झाला होता, हे त्यांना दुकानातल्या चौकटीतून दिसलं नव्हतं. आता दिसलं.

"मी चुकीची ओळ वाचली," पंच म्हणाले. "हवा विरळ होती, मी पोकळीची ओळ वाचली. कप्तान मेला नव्हता. मला हे त्याच संध्याकाळी कळलं आणि मी आजपर्यंत सांगितलं नाही. सगळे हसले होते म्हणून सांगितलं नाही. मला लाज वाटते."

लेखनिकाने विचारलं, "कप्तान कोण? पत्ता?"

मागच्या बाकावर पोत्याची गाठ सुटली.

खोकी टेबलावर येऊ लागली तसा कंपनीच्या वकिलांचे चेहरे पडत गेले. थोरल्याने शेवटचा प्रयत्न केला. हा गृहस्थ आपल्याच खेळाचे नियम धड पाळत नाही, हे त्याने शपथेवर कबूल केलं आहे, मग हा खेळ 'धूळतारा' कसा म्हणायचा? बाई म्हणाल्या, "खेळ नीट खेळला की नाही हे ठरवायला मी इथे बसलेली नाही. नाव लावून माल पाठवला की नाही, एवढंच बघते." त्यांनी एक खोकं फोडायला लावलं, यान हातात घेऊन उलटसुलट केलं आणि ते गुलाबी का आहे, असं विचारलं. हिरड्यांचं प्लास्टिक, असं उत्तर मिळताच त्यांनी ते ताबडतोब खाली ठेवलं.

सहा आठवड्यांनी आदेश आला. कंपनीचा अर्ज फेटाळला होता, नाव पंचांचंच राहिलं. मेहुणीने पेढे मागितले, बायकोने कोणाला तरी फोन लावला. पंचांना आनंद झाला होता, पण तो जितका व्हायला हवा होता तितका होत नव्हता. सुनावणी संपताच चष्मेवाला एक शब्द न बोलता निघून गेला होता.

रविवारी दुपारी तो दारात उभा होता. हातात आदेशाची नक्कल.

"पान सात," तो आत येत म्हणाला आणि मोठ्याने वाचू लागला. "'सदर कप्तान मयत झालेला नसल्याचे साक्षीदाराने मान्य केले.' खाली शिक्का आहे."

"आहे," पंच म्हणाले.

चष्मेवाला आपल्या जुन्या जागेवर बसला. बाकीच्या तिघांनी मुकाट्याने सरकून जागा केली. कोणी हसलं नाही.

"मग एवढी वर्षं तो आहे कुठे?"

"यानाच्या दाराबाहेर. पंधरा मिनिटांची हवा आहे. तुझी पाळी."

चष्मेवाल्याने नाक ओढलं, चष्मा काढून पुसला. पंचांनाही समोरचं धड दिसत नव्हतं.

"दार ठोठावतो," चष्मेवाला म्हणाला.

"टाक फासे. आतल्यांना ऐकू जातं का बघू."

फासे टेबलावरून घरंगळले आणि प्लास्टरच्या एका जबड्याला अडून थांबले. तीन.

"तीनला काय होतं?" कोणीतरी विचारलं.

पंचांनी पुस्तक उघडलं, तक्त्याचं पान काढलं आणि ते चष्मेवाल्याकडे सरकवलं.

"तू वाच."