अस्तरातली हळकुंडं

"काका, कोट फक्त कमरेत घट्ट करा. नवाकोरा हाय, माह्याच मापानं शिवलेला. अंगाले लागला नाई अजून," दिनेश म्हणाला आणि हसला. त्या हसण्यावर माझं बंद पडलेलं मशीनसुद्धा चार टाके घालून गेलं असतं.

मी रिसोडात टेलर. आजवर घातलेली शिलाई सरळ केली तर वाशीमला सात वेढे बसतील. पटत नसेल तर मोजून घ्या. सुनंदा माझ्याकडे काजं-बटनं करते. काडीमोड झालेली, पदरी दोन पोरी आणि बापानं दिलेलं दोन खोल्यांचं घर. दिनेश पोळ्यानंतर गावात आला. पोरींना चॉकलेट, मला रोज पान, असं करत त्यानं सगळ्यांना पाघळवलं. सुनंदाशी लग्न ठरलं. घर विकून नागपूरला जायचं, ही त्याची अट. गिऱ्हाईकही त्यानंच आणलं. सोमवारी सही होती.

कोट अल्टर करायचा, म्हणजे ढिला-घट्ट करायचा, तर आधी अस्तर उसवावं लागतं. ते काम सुनंदाचं. तिनं टाके काढले आणि आतून दोऱ्यात बांधलेलं हळकुंड पडलं. आमच्याकडे लग्नात नवरदेवाच्या मनगटाला बांधतात ते. फाटक्या खिशातून घसरलेलं.

तिनं कोट झटकला. दुसरं पडलं. याचा दोरा वेगळा.

दिनेश बाकावर चहा पीत होता.

"हे कोनाचे?" तिनं विचारलं.

"कोट दोस्तायले देला होता."

"आत्ताच त म्हणे, अंगाले लागला नाई."

"तू कायले टेन्शन घेऊन राह्यली?"

"माहा काडीमोड झाला, हे तुमाले पहिल्याच दिवशी सांगतलं. तुमी काहून लपवलं?"

त्यानं कप बाकावर ठेवला आणि फोन काढला.

"दोन मांडव झाले बावा तुये," मी म्हटलं. "तिसऱ्याचं माप मी नाई घेत." कात्री खाली ठेवायची तेवढी विसरलो होतो. दिनेश फोन कानाला लावून निघाला. त्याची धूळ मंगरूळपीरला बसली असेल. कोट मात्र इथंच राहिला.

सही झाली नाही. घर आहे, पोरी शाळेत जातात.  एका दुपारी सुनंदा डबा पुढे करत म्हणाली, "काका, तुमी होते म्हणून निभावलं."

"मी त पानावरच विकल्या गेलो होतो, बाई. उसवलं तू."

खरंच, तिचे उपकार माझ्यावर आहेत. नाहीतर त्या लग्नात मीच मिरवलो असतो. आता लग्नाचा कोट अल्टरला आला की आधी सुनंदा उसवते, मग मी टेप काढतो. एखादं गिऱ्हाईक उशिरावरून कुरकुरतं. त्याला चहा पाजतो आणि कुरकुरू देतो.