खंडेनवमीचा सर्व्हर

उचगावची क्रांती रागीट आहे, हे कोल्हापुरात राजारामपुरीतल्या तिच्या शिकवणी क्लासमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. क्लासची वेबसाइट आणि ती चालवणारा कपाटामागचा सर्व्हर, दोन्ही तिनंच निवडलेले, तीच सांभाळायची. कुणी नवी सिस्टीम सुचवली की ती फटकारायची, "चार वर्षं एक मिनिट बंद पडला न्हाय ह्यो. तुमचा तसा चालवून दावा!"

खंडेनवमीच्या सकाळी ती आली तर साइट बंद. यंदाच नोकरीला लागलेल्या शिपाई जोतीरामकाकांनी सर्व्हर बंद करून पुसला होता आणि हळदकुंकू लावून झेंडू वाहिला होता. क्रांतीनं बटण दाबलं. पंखा फिरला, स्क्रीनवर चुकांच्या ओळी आल्या, पण साइट काही उठेना. अकरा वाजता सहाशे पोरांची ऑनलाइन सराव परीक्षा होती.

"काका, डोकं ठिकाणावर हाय का?" ती एवढ्यांदा ओरडली की जिन्यातले पालक थबकले. "चालू मशीन बंद करत्यात व्हय?"

काका हळदीची वाटी घेऊन तसेच उभे राहिले. "ताई, हत्याराला वर्षातनं एक दिवस इसावा देत्यात. आम्ही पिठाच्या गिरणीला बी द्यायचो. दुसऱ्या दिवशी गिरणी चालू व्हायचीच की. मग ह्यो का हुईना?"

क्रांतीनं स्क्रीनवरच्या चुकांच्या ओळी पुन्हा वाचल्या. बंद केलेला सर्व्हर परत चालू होतो का, हे तिनं चार वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं. रीस्टार्ट करावा लागेल म्हणून अपडेटही टाळले होते.

"पालकांना सांगा, परीक्षा दसरा झाल्यावर हाय," ती म्हणाली. "आणि कुणाची चूक इचारलं, तर माझी म्हणून सांगा!"

हेही ती ओरडूनच म्हणाली.