महाजालाची लांबी

आरमोरीपासून दोन कोसांवरच्या एका गावात मी काही वर्षं शाळामास्तर होतो. चांद्याच्या एका साप्ताहिकाला बातम्याही पाठवत असे. मालगुजारी संपली, गावचा तलाव आणि त्याच्या पाळीच्या बांधालगतचं लांबट माळरान सरकारकडे आलं, त्यानंतरच्या हिवाळ्यापासूनची ही हकीकत आहे.

गावाची खालची आळी दर पावसाळ्यात ओली होई. भिंती खचत, चुली उचलून दुसरीकडे मांडाव्या लागत. तिथल्या घरांसाठी माळावर प्लॉट पाडायचं ठरलं. मोजणीदार साखळी घेऊन आला, चुन्याच्या रेघा मारल्या, सागाच्या खुंट्या ठोकल्या आणि गेला. माळावर त्या वेळी गवताशिवाय काही नव्हतं.

तलावाकाठी मासेमारी करणाऱ्या ढिवरांची घरं होती. त्यांना खुंट्या आवडल्या. आठवडाभरात त्यांवर लहान जाळी टांगलेली दिसू लागली. पटवाऱ्याने सरकारी कामात अडथळा म्हणून वर कळवलं. खुंट्या कशाच्या आहेत हे तोवर ढिवरांना कुणी सांगितलंच नव्हतं. सांगितलं तेव्हा त्यांच्यातला म्हातारा, ज्याला सगळं गाव भाऊ म्हणे, माझ्याकडे अर्ज लिहून घ्यायला आला.

अर्जात मी तीन हरकती लिहिल्या. गुरांची पाण्यावर जायची वाट बंद होईल. घरांचं सांडपाणी तलावात उतरेल. जाळी वाळवायला जागा राहणार नाही. यांतली तिसरी भाऊने सगळ्यात आधी सांगितली होती आणि तिच्यावरच तो सगळ्यात जास्त वेळ बोलला होता. मी ती शेवटी, एका ओळीत लिहिली. तोच मजकूर साप्ताहिकाला पाठवला. तो तसाच छापून आला.

चैत्रात नायब तहसीलदार रेंगीने, म्हणजे हलक्या बैलगाडीने, सुनावणीला आले आणि शाळेच्या पडवीत बसले. पहिल्या दोन हरकती त्यांनी मानल्या. वाट सोडू, नाली काढू, म्हणाले. तिसरी वाचून म्हणाले, "जाळी काय, कुंपणावरही वाळतात."

भाऊ उभा राहिला. "वाळवाचं काई नाई साहेब. वाळवाले आमचं छप्परबी पुरते. जोडाले जागा पाह्यजे."

"अर्जात तसं नाही."

"अर्ज गुरुजींचा हाये."

पडवीत काही जण हसले. नंतर भाऊने जे सांगितलं ते मी पहिल्यांदाच नीट ऐकलं. वैशाखात तलावाचं पाणी उतरलं की सगळे ढिवर मिळून एकच महाजाल ओढत. त्याचा एकेक तुकडा एकेका घराचा. सण-तागाच्या सुताचा, वर्षभर बसून विणलेला. ओढायच्या आदल्या दिवशी सगळे तुकडे माळावर एका रांगेत ताणायचे आणि कडेला कडा शिवायची. जाळं सबंध उतरलं तरच तलावातला मासा घरटी वाटता येई.

"गुंडाळून जोडा की," साहेब म्हणाले.

"ताण समजत नाई मंग. एका जागी ढिल्लं राह्यलं का मासा तिथूनच निसटते. अन वर्षभर भांडण, तुह्याच तुकड्यातून गेला म्हणून."

"किती फूट लागते जागा?"

"फूट नाई समजत साहेब. टाकून दाखवतो."

टाकून दाखवण्यात दुपार गेली. घराघरांतून तुकडे आले. रेंगीचे बैल सोडून सावलीत बांधले. साहेब छत्री धरून पाळीवर उभे राहिले. जाळं माळाच्या वरच्या टोकापासून तलावाच्या टोकापर्यंत सरळ गेलं, खुंट्यांना अडकत, नऊ प्लॉट ओलांडून. शेवटच्या प्लॉटपाशी खालच्या आळीतली एक बाई उभी होती. रोवणी-कापणीच्या मजुरीवर जगणारी. मागच्या पावसात तिच्या घराची भिंत पडली होती आणि हा प्लॉट तिच्या नावे निघाला होता.

"जाळ्याले कोरडी जागा," ती म्हणाली, "अन मी काऊन पाण्यात निजू?"

"बाई, मासा त तुलेबी लागते," भाऊ म्हणाला.

"तुह्या तुकड्यातून सुटलेलाच येते आमच्या वाट्याले."

साहेबांनी नकाशा मागितला. त्यात रस्ता माळाला आडवा होता. पेन्सिलीने त्यांनी तो उभा केला, जाळं पडलं होतं त्याच ओळीने, आणि प्लॉट दोन्ही बाजूंना सरकवले; बाईचा तेवढा रस्त्याच्या शेवटाला राहिला. प्लॉट लहान झाले. बाईचं मागचं परस गेलं. तिथे ती वांगी लावणार होती, एवढं तिने बोलून दाखवलं आणि अंगठा दिला. आदेशात जाळ्याचा उल्लेख नव्हता; रस्ता सोयीसाठी वळवला असं लिहिलं होतं. मी साप्ताहिकाला दुरुस्ती पाठवली. ती छापली गेली नाही.

पुढच्या वर्षीच्या वैशाखापर्यंत बरीच घरं उभी राहिली होती. जाळं जोडायच्या दिवशी रस्ता बंद झाला आणि गाड्या भाताच्या बांध्यांमधून गेल्या. वरच्या टोकापासून शिवत आलेले लोक बाईच्या घरापाशी थांबले. तिथे रस्ता संपत होता, जाळं संपलं नव्हतं. तिच्या अंगणात बाजेवर मोहफुलं वाळत होती. भाऊ हातात दोर धरून अंगणाबाहेर उभा राहिला.

"बाई, एक तुकडा वाढला."

"काऊन?"

"पुतण्या येगळा निघाला."

तिने पाठीमागे पसरलेलं जाळं पाहिलं. मग मोहफुलं टोपलीत भरली आणि बाज उचलून भिंतीला उभी केली.

"यंदा सुटलेला मासा नाई घेणार मी," ती म्हणाली.

भाऊने मान हलवली, दोर तिच्या दाराच्या खांबाला बांधला आणि ताण पाहिला.