कशावरून सिस्टर

गेल्या पौषातला दुसरा सोमवार. जन्मतः व्यंग असलेल्या लेकरांची रजिस्टरात एकूण सव्वीस नावं, अकरा गावांतली. त्यावरच्या बैठकीला हजर दोघंच: उपकेंद्राच्या सिस्टर आणि मी, केदारखेड्याजवळच्या आरोग्य केंद्रातला कारकून. त्या नावांचा तक्ता तीनदा तपासून मी त्यांच्यापुढं ठेवला. सिस्टरांनी चष्मा नाकावर सरकवला आणि विचारलं, "कशावरून?"

हा त्यांचा शब्द. ताप आहे म्हटलं की कशावरून, गोळ्या खाल्ल्या म्हटलं की कशावरून. एका सुनेनं रक्तवाढीच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट दाखवलं, तर सिस्टर सरळ परसात गेल्या आणि कोंबड्यांच्या खुराड्यातून अकरा गोळ्या वेचून आल्या. गावात त्यांना तोंडावर ‘कशावरून सिस्टर’ म्हणत. त्यांना राग आलेला मी पाहिला नाही.

तक्त्यात समाजाचा रकाना होता. कोणत्या समाजात किती लेकरं आणि नात्यातली लग्नं किती, हे वरून मागवलं होतं. लोकांना त्या रकान्याचाच संशय. मराठे म्हणत, हे मुसलमानांत होतं, ते चुलत्याची पोरगी करतात. मुसलमान म्हणत, मामाची पोरगी तर मराठेच करतात. पेठेतले मारवाडी म्हणत, आम्ही गोत्रं टाळतो, आमच्याकडं प्रश्नच नाही. सिस्टर रस्त्यावर येऊन म्हणत, "समदे म्हणून राह्यले, आमच्यात न्हाई. मंग ही लेकरं काय आभाळातून पडली?"

माझ्या तक्त्यात मराठ्यांची जवळजवळ सगळी लग्नं नात्यातली आणि मारवाड्यांपुढं लेकरं शून्य. नातं विचारलं की बाया लाजतात, म्हणून ‘सासूला काय म्हणता?’ असा प्रश्न मीच काढला होता. ‘आत्या’ आलं की नात्याची खूण.

"भाऊ, तुमची पोरगी सासूला काय म्हणती?" सिस्टरांनी मलाच विचारलं.

"आत्याबाई."

"ती बाई तुमची कोण लागती?"

"कोणीच नाही," म्हणालो, आणि माझी चूक मला कळली. आम्हा मराठ्यांत सून सासूला आत्याबाईच म्हणते, नातं असो वा नसो. जन्मभर ऐकलेल्या हाकेला मी कागदावर रक्ताचं नातं करून बसलो होतो.

मग सिस्टर मला घेऊन पुन्हा घरोघर फिरल्या. "माय, लग्नाआधी काय म्हणत होतीस तिला?" नात्याच्या खुणा निम्म्याहून खाली आल्या. शून्याचंही तेच. "शून्य दिसलं की मला लई संशय येतो," म्हणत त्या पेठेतल्या एका घरात शिरल्या. नातवाचा ओठ जन्मतः फाटलेला होता. बाळंतपण आणि ऑपरेशन दोन्ही संभाजीनगरच्या खासगी दवाखान्यात, म्हणून आमच्या रजिस्टरात नाव नव्हतं. समाजासमाजातलं अंतर अगदीच मिटलं असं नाही. जवळच्या नात्यात धोका वाढतो, हे सिस्टर कधी नाकारत नसत. पण मी दाखवलं होतं तेवढं अंतर कुठंच नव्हतं.

मला त्याचा आनंद झाला, आणि त्याला कारण होतं. रजिस्टरातलं एकविसावं नाव माझ्या मुलीच्या बाळाचं. पहिलं बाळंतपण म्हणून ती आमच्याकडं आली होती. बाळाच्या पाठीचा कणा उघडा होता. ते दोन दिवस जगलं. तिला सासरहून, आष्टीहून, न्यायला पाच महिने कोणी आलं नव्हतं. व्याही फोनवर एवढंच म्हणाले, "तुम्ही मामाची पोरगी केली. दोष तुमच्या रक्तात आहे." नवा तक्ता त्यांच्यापुढं टाकायचा, असं मी ठरवलं आणि सिस्टरांना सांगितलं.

"पोरगी नात्यात दिली न्हाई, बराबर," सिस्टर म्हणाल्या. "मंग झालं कशानं?" त्या आमच्या घरी आल्या आणि मुलीजवळ बसल्या. "माय, दिवस जायच्या आधीपासून कोणती गोळी चालू होती?"

मुलीनं त्यांच्याकडं नाही, माझ्याकडं पाहिलं. मग सिस्टरांनीही.

दहावीपासून तिला फिट येत. लग्न जमवताना मी ते सांगितलं नाही. सासरी ती गोळ्या साड्यांच्या घडीत लपवून घेत होती. बाळंतपणाच्या डॉक्टरांनाही आम्ही कळू दिलं नव्हतं.

सिस्टरांनी चष्मा सरकवून गोळीचं नाव दोनदा वाचलं. मग म्हणाल्या, "ह्या गोळीनं पोटातल्या लेकराच्या पाठीला इजा होऊ शकती. आपल्या मनानं बंद बिलकुल करायची न्हाई, फिट जीव घेईल. आधी सांगितलं असतं तर डॉक्टरांनी गोळी बदलली असती, फोलिक ॲसिडची चालू केली असती, मंग दिवस जाऊ दिले असते. तरीबी झालंच नसतं असं मी म्हणणार न्हाई." उठता उठता म्हणाल्या, "समाजाचा रकाना ठेवला भाऊ, अन् औषधाचा ठेवलाच न्हाई."

"व्याह्यांना काय सांगू?"

"तक्ता घेऊन जाऊ नका आष्टीला. नुसतं तोंड घेऊन जा."

त्याच महिन्यात त्यांची अंबड तालुक्यात बदली झाली. निरोपाच्या चहालाही त्या थांबल्या नाहीत. रजिस्टरात मात्र पट्टीनं रेघ मारून औषधांचा नवा रकाना आखून गेल्या. तो मी अजून भरतो. पूर्वी तक्ता जुळला की मला बरं वाटायचं. आता पहिल्या झटक्यात जुळला तर मी पुन्हा घरोघर जातो.

आष्टीला गेलो. सगळं सांगितलं. व्याही उठून बाहेर गेले. विहीणबाईंनी विचारलं, "अजून काय लपवलं?" काही नाही म्हणालो. "आता तुमच्यावर भरोसा कसा ठेवायचा?"

पंधरा दिवसांनी विहीणबाई आणि जावई गाडी घेऊन आले. मुलीला घरी नाही, आधी संभाजीनगरला फिटच्या डॉक्टरांकडं न्यायचं म्हणाल्या. मीही गेलो. तपासणीची फी आठशे रुपये. मी पाकीट काढलं, तर विहीणबाईंनी माझा हात बाजूला सारला. खिडकीतल्या बाईला आठशे रुपये त्यांनीच मोजून दिले आणि सुनेचा आजार स्वतः सांगितला, मागच्या रांगेलाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.