मामाजींनी बसवलेले काटे

माझ्या मामाजींइतका जोडीचा हट्ट धरणारा माणूस अख्ख्या चांदा जिल्ह्यात झाला नसेल. माजरीच्या कोळसा खाणीत ते फिटर होते. नटाला बोल्ट, कुऱ्हाडीला दांडा, गंजाला झाकण, प्रत्येकाचा जोडीदार ठरलेला असतो आणि तो सापडेपर्यंत माणसाने स्वस्थ बसू नये, असं त्यांचं मत होतं. कुणाकडे जेवायला गेले की पानं वाढून होईपर्यंत ते त्या घरातल्या भांड्यांची झाकणं बदलून ठेवत, आणि ती खरोखरच आधीपेक्षा नीट बसत. एका लग्नात नवरा-नवरीकडे बराच वेळ पाहून ते मामींना म्हणाले, "बसते. पण थोडं कानशीनं घासा लागन." मामींनी त्यांना दंडाला धरून पंगतीत नेऊन बसवलं.

मी तेव्हा चांद्याच्या शाळेत मास्तर होतो. एव्हरेस्ट सर झाल्याची बातमी वाचल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. कलकत्त्याच्या काही हौशी मंडळींनी हिमालयात जायचं ठरवलं होतं. मी पत्रं लिहून लिहून त्यांच्यात जागा मिळवली. त्यांनी पार्सलने क्रॅम्पॉन धाडले, म्हणजे बर्फात रुतावेत म्हणून बुटांच्या तळाला बांधायचे लोखंडी काटे. सोबत चिठ्ठी होती, पट्टे घट्ट आवळले की झालं. बूट मी नागपुरात शिवून घेतले होते. निघायच्या आठ दिवस आधी मी ही सगळी दौलत मिरवत माजरीला गेलो.

मामाजींनी पट्टे बाजूला केले, बूट काट्यांच्या सांगाड्यात बसवला, उचलला आणि हलकेच झटकला. काटे खणकन फरशीवर पडले.

"काट्यानं बुटाले धरलं पाह्यजे," ते म्हणाले. "पट्टा त नुसता साक्षीदार."

"पण मामाजी, सगळे पट्ट्यांवरच जातात."

"जाऊ दे त्यायले. तू काऊन जातं?" मग त्यांनी बूट दोन्ही हातांनी वाकवून दाखवला. "हा पोळीवानी वाकून राह्यला. लोखंड नाई वाकत. मंग तुटन कोण?"

त्यानंतर सहा दिवस बूट माझ्या हाती लागले नाहीत. मोच्याकडून त्यांनी बुटांना जाड चामड्याचा दुसरा तळ शिवून घेतला. सांगाडा भट्टीत लाल करून टाचेशी आत घेतला, काटे कडक व्हावेत म्हणून त्यांना पुन्हा पाणी दिलं, मोजलं, मोडलं, परत केलं. बर्फ कसा असतो हे कळावं म्हणून नागपूरहून रेल्वेने भुशात घातलेल्या लाद्या मागवल्या आणि भर मे महिन्यात, खाकी हाफपँटवर माझे बूट चढवून, अंगणात त्यांच्यावर उभे राहिले. पहिली लादी दुभंगली. उरलेल्यांवर त्यांनी गंभीरपणे दहा-दहा पावलं टाकली, आणि चुरा गल्लीतल्या बायांनी सरबताला नेला.

"माझी गाडी चुकली तर ती माणसं थांबणार नाहीत," मी चिडून म्हणालो.

"गाडी दुसरी भेटते," मान वर न करता ते म्हणाले.

सातव्या दिवशी त्यांनी पट्टे न बांधता बूट दहा वेळा झटकला. काटे पडले नाहीत. मग तो माझ्या हातात दिला.

तिकडे हिमालयात तिसऱ्या आठवड्यात एका टणक बर्फाच्या उतारावर माझ्यापुढच्या सोबत्याचे काटे बुटाखालून निसटले आणि पट्ट्याला लोंबकळू लागले. तो घसरला. त्याच्या दोराचं दुसरं टोक माझ्या कमरेला होतं. मी दोन्ही पाय रोवले, धक्का बसला, आणि आता आपणही जाणार म्हणून डोळे मिटले. पण पाय जागचे हलले नाहीत. शिखर राहिलं. दोघं जिवंत उतरलो.

माजरीला आलो तेव्हा मामाजींनी शिखराचं विचारलंच नाही. बूट उलटे करून अंगठ्याने चाचपत राहिले. मी दोराची हकीकत सांगितली.

"दोघं होते त्याच्यावर?" ते हळूच म्हणाले. "मी तुह्या एकट्याचंच वजन धरलं होतं."

मग मला म्हणाले, "मास्तर, त्या बर्फावर पाय टाकला का आवाज कसा येते?"

साखरेवर पाय पडल्यासारखा, मी म्हणालो. ते उठून आत गेले, मामींची नजर चुकवून मूठभर साखर आणली, फरशीवर पसरली आणि तिच्यावर टाच टेकवली. करकर झाली.

"असाच काय?"

"जवळजवळ असाच, मामाजी."

त्यांनी मान हलवली. मामी आतून काहीतरी बोलत होत्या, तरी त्यांनी पाय उचलला नाही.