मंगळवारी आलेला पंधरा ऑगस्ट

परवा ऑफिसात माझी चांगलीच जिरली… आणि बरंच झालं!

झाशीजवळ बिजौलीत एका छोट्या फॅक्टरीत मी अकरा वर्षं हजेरी आणि रजा बघते. आमची साप्ताहिक सुट्टी मंगळवारी, आणि यंदा पंधरा ऑगस्टही नेमका मंगळवारीच. अशी सुट्टी बुडाली, हे मी सगळ्यांना नेहमी ठणकावून सांगते. नियम तोंडपाठ आहेत ना माझे…

बुधवारी पॅकिंगमधली रामकली टेबलासमोर येऊन उभी राहिली. शुक्रवारी तिच्या मुलीचं नर्सिंगच्या प्रवेशाचं काउन्सेलिंग होतं, लखनौला. सोबत पालक हवाच. नवरा अंथरुणाला खिळलेला, त्याच्या आजारपणात हिच्या सगळ्या रजा संपलेल्या. बिनपगारी रजा साहेब सध्या कोणालाच देत नव्हते.

"मॅडमजी, मंगल वाली छुट्टी हमें शुक्रवार खों दै दो."

मंगळवारची सुट्टी शुक्रवारी? मी मान वर न करताच नाही म्हटलं. दोन सुट्ट्या एका दिवशी आल्या की एकच धरायची, उगाच वाद नको, असंही ऐकवलं. ती जागची हलली नाही.

"एक बेर बोर्ड पे देख लो। हमने पढ़ो है।"

खरं सांगते, तिला खोटं पाडायलाच मी उठले. बोर्डावर कंपनीच्या नियमांचा पिवळा पडलेला कागद होता. त्यात स्वच्छ लिहिलेलं… राष्ट्रीय सुट्टी साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी आल्यास महिन्याभरात बदली सुट्टी मिळेल. खाली सही माझी!

तीन वर्षांपूर्वी नियम बदलले, ते टाइप मीच केले, लावलेही मीच. आणि तोंडाने जुनंच सांगत राहिले. इतकी लाज कधी वाटली नव्हती.

तिची सुट्टी तिथल्या तिथे लिहिली. जेवणाच्या वेळी सगळ्यांसमोर उभी राहिले आणि म्हटलं, "ग़लती मेरी थी, बदली छुट्टी सबको मिलेगी." साहेब जरा कुरकुरले… मी कागद पुढे धरला. वाचून त्यांनी मान डोलावली.

शनिवारी रामकली पेढे घेऊन आली. लेकीला झाशीतच सीट मिळाली!

रामकली, तुझे आभार मानायचे ते पेढ्यांसाठी नाही. माझं 'नाही' ऐकून तू गुपचूप परत गेली असतीस, तर तुझ्या पोरीचं वर्ष वाया गेलं असतं… आणि ते माझ्यामुळे गेलं, हे मला कधी कळलंही नसतं.